कार्व्हर येण्याआधीची टस्कीगी : शेतकऱ्यांना प्रश्न विचारणारी परिषद



वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं आहे. शाळेच्या ग्रंथालयात ज्या पुस्तकाची पानं सगळ्यात आधी सुटी होतात, त्यांत हे एक असतंच. त्या पुस्तकामुळे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं टस्कीगी हे गाव मराठी घरांत माहीत झालं. पण मुलांना गोष्ट सांगताना आपण ती साधारण अशी सांगतो : जमीन नापीक होती, लोक गरीब होते, मग कार्व्हर आला आणि भुईमुगानं सगळं पालटलं. कार्व्हर टस्कीगीला पोहोचला १८९६ मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी, २३ फेब्रुवारी १८९२ रोजी, त्या संस्थेनं आसपासच्या शेतकऱ्यांना बोलावून एक परिषद भरवली होती. कार्व्हरनं पुढे जे केलं, त्याची जमीन तिथे तयार झाली. आज त्या परिषदेची माहिती पाहू.

विद्यापीठ आणि परिषद हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बॅनर, पुष्पगुच्छ, बीजभाषण, चहापान, शोधनिबंध आणि शेवटी प्रमाणपत्र. ज्या प्रश्नावर परिषद असते, तो प्रश्न ज्यांच्या घरात आहे ती माणसं सभागृहात सहसा नसतात. टस्कीगीची परिषद नेमकी उलटी होती, म्हणून ती शिक्षकांनी समजून घेण्यासारखी आहे.

संस्था कशी होती?

आज ते टस्कीगी विद्यापीठ आहे, पण हे नाव १९८५ मध्ये मिळालं. ४ जुलै १८८१ ला ती सुरू झाली ती शिक्षक घडवणारी शाळा म्हणून. आपल्या डी.एड. कॉलेजसारखी समजा. प्रमुख होते बुकर टी. वॉशिंग्टन, वय जेमतेम पंचवीस. त्यांचा जन्म १८५६ मधला, व्हर्जिनियात, गुलाम म्हणून. राज्य सरकारनं शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २००० डॉलर मंजूर केले होते; जागा नाही, इमारत नाही. एक चर्च आणि त्याशेजारची मोडकी खोली, आणि तीस विद्यार्थी.

शाळा सुरू करण्याआधी वॉशिंग्टन यांनी एक गोष्ट केली. ते खेड्यापाड्यांत फिरले. लोकांच्या घरी जेवले, त्यांच्याच घरी झोपले. घर म्हणजे बहुधा एकच खोली, त्यात सगळं कुटुंब. कापूस पार दाराला लागलेला, भाजीपाल्याला वीतभर जागा सोडलेली नाही. एका घरी जेवायला पाच माणसं बसली आणि काटा एकच होता. आणि त्याच घराच्या कोपऱ्यात हप्त्यांवर घेतलेला साठ डॉलरचा ऑर्गन होता, असं त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. हा प्रसंग वाचून हसू येतं खरं, पण हसण्याआधी आपल्या आसपासच्या हप्त्यांवरच्या वस्तू आठवाव्यात.

कापूस आणि उधारीची वही

परिषदेत काय बोललं गेलं हे कळायला आधी तिथली उधारी समजून घ्यावी लागेल. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण वर्गात शिकवायला हाच सगळ्यात चांगला आहे.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. माणसं मोकळी झाली, पण जमीन मालकांकडेच राहिली. मोकळा झालेला माणूस मग त्याच मालकाची जमीन खंडाने किंवा वाट्याने करू लागला. पीक शरद ऋतूत हाती येणार. तोवर खायचं काय? गावातला दुकानदार किंवा जमीनमालक उचल द्यायचा. तारण काय, तर अजून न उगवलेलं पीक. ज्यानं उचल दिली त्याला हमखास विकला जाणारा माल हवा, म्हणून तो सांगायचा, कापूसच लाव. कापूस लावला की भाजी, मका, कोंबड्या यांना जागा उरायची नाही. मग खायचं सगळं विकत, म्हणजे पुन्हा उधारीवर. शिवाय दरवर्षी कापूस घेऊन जमिनीचा कस जायचा आणि पुढच्या वर्षी उतारा आणखी कमी.

दुकानात दोन भाव असायचे, एक रोखीचा आणि एक उधारीचा. वर्गासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मक्याचं पीठ आणि खारवलेलं मांस रोखीनं १० डॉलरला मिळतंय, उधारीवर १३ डॉलरला. मार्चमध्ये नेलं, सप्टेंबरमध्ये फेडलं. मुलं पटकन सांगतील, व्याज ३० टक्के. पण हे सहा महिन्यांचं झालं. वर्षाचा दर काढला तर ६० टक्के! सातवी-आठवीच्या मुलांना सरळव्याजाचं याहून चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल. आणि वही दुकानदाराकडे. ज्याला वाचता येत नाही त्यानं हिशेब कसा तपासायचा?

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळायला सुरुवात केली, तीही कापसाचे भाव कोसळल्यानंतरच. आणि त्या भावाच्या चढउतारामागे अमेरिकेतलं यादवी युद्धच होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं आणि दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. दोन्हीकडचा धागा त्यांना तेव्हाच दिसला होता.

२३ फेब्रुवारी १८९२

परिषदेचं नाव ‘टस्कीगी निग्रो कॉन्फरन्स’. (मुलांना सांगताना एक सूचना. ‘निग्रो’ हा शब्द त्या काळी सरसकट वापरात होता, आज तो अपमानकारक मानतात. ऐतिहासिक नाव म्हणून तेवढा सांगावा, एरवी ‘कृष्णवर्णीय’ म्हणावं.)

वॉशिंग्टन यांनी सुमारे ७५ जणांना आमंत्रण दिलं होतं. पुढारी, वक्ते यांना नाही. कष्टकरी शेतकरी, कारागीर, थोडे शिक्षक, थोडे धर्मोपदेशक. प्रत्यक्षात आले सुमारे ४००, पुरुष आणि बायका. संस्थेच्या आवारात त्या दिवशी जमलेल्यांतले बरेच जण तिथे पहिल्यांदाच पाऊल ठेवत असणार. ज्या माणसाला शाळा कधी मिळालीच नाही, त्याला शाळेनं पाहुणा म्हणून बोलावलं होतं, आणि ऐकायला नव्हे तर सांगायला.

सकाळच्या वेळात लोकांनी आपली परिस्थिती साध्या शब्दांत सांगायची आणि दुपारी उपायांवर बोलायचं, अशी रीत होती. स्वतःची जमीन किती जणांकडे आहे? पीक गहाण टाकून खाणारे किती? एका खोलीत राहणारे किती? शाळा वर्षातून किती महिने चालते? वॉशिंग्टन यांनी नोंदवलेली उत्तरं अशी : त्या पट्ट्यातल्या अनेक काउंट्यांमध्ये किमान चार-पंचमांश लोक खंडाच्या जमिनीवर आणि एका खोलीच्या घरात राहत होते, तितकेच लोक पोटासाठी पीक गहाण टाकत होते, व्याजाचा दर वर्षाला १५ ते ४० टक्के. शाळा बहुतेक ठिकाणी तीनच महिने, तीही चर्चमध्ये, पडक्या लाकडी झोपडीत किंवा फांद्यांच्या मांडवाखाली.

यातली कुठलीच गोष्ट जमलेल्या माणसांना नवी नव्हती. मग विचारून काय साधलं? मला वाटतं, याचं उत्तर प्रत्येक शिक्षकाला आतून ठाऊक असतं. आपण एकटेच कर्जात आहोत, ही आपलीच नालायकी आहे, असं ज्याला वाटत असतं त्याच्या शेजारी बसलेले शंभर जण तीच गोष्ट सांगू लागले की लाज ओसरते आणि हिशेब सुरू होतो. वर्गात गणित न समजलेला मुलगा एकटा हात वर करत नाही, पण दहा हात वर गेले की अकरावा त्याचा असतो.

उपायही तिथूनच निघाले. कर्जातून बाहेर पडलेला एखादा शेतकरी उभा राहायचा आणि सांगायचा, मी आधी डुकरं पाळली, मग मका लावला, मग उचल बंद केली, मग थोडी जमीन घेतली. कृषितज्ज्ञाच्या भाषणापेक्षा याचं वजन जास्त. शेवटी ठराव व्हायचे, तेही लहान आणि घरी जाऊन करता येतील असे : जमीन घ्या, पीक गहाण टाकणं थांबवा, खायचं घरीच पिकवा, एका खोलीच्या दोन करा, शाळेचे महिने वाढवा आणि त्यासाठी वर्गणी काढा. परिषद पुढे दरवर्षी भरू लागली, गर्दी हजारांच्या घरात गेली. दरवर्षी प्रश्न जवळपास तेच. प्रश्न तेच राहिले म्हणून बदल मोजता आला, हे लक्षात घ्या. गावोगावी तिच्या धर्तीवर छोट्या परिषदा निघाल्या. मुख्य परिषदेच्या दुसऱ्या दिवशी खास शिक्षकांची आणि शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांची बैठक होऊ लागली. म्हणजे आदल्या दिवशी शेतकऱ्याचं ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी आपण काय शिकवतो ते तपासायचं. हा क्रम मला फार आवडतो.

बायकांचं काय?

पहिल्या परिषदेला बायका आल्या होत्या, पण त्यांना बोलायला वाव फारसा नव्हता. ही गोष्ट मार्गारेट मरे वॉशिंग्टन यांना खटकली. त्या संस्थेत शिकवत होत्या, पुढे बुकर वॉशिंग्टन यांच्या पत्नी. शनिवारी खेड्यातल्या बायका बाजाराला टस्कीगीत येतात, हे त्यांनी हेरलं. गावातल्या एका जुन्या दुकानाच्या माडीवर त्यांनी शनिवारच्या माता-बैठका सुरू केल्या. पहिल्या बैठकीला आल्या मोजून सहा जणी. पुढे संख्या शेकड्यांवर गेली. मुलांची निगा, स्वयंपाक, शिवण, घर नीटनेटकं ठेवणं, पैसे साठवणं, असे साधे विषय. पालकसभेला कुणी येत नाही म्हणून हळहळणाऱ्या आपल्या मंडळींनी हे सहा आणि तो बाजाराचा दिवस, दोन्ही ध्यानात ठेवावेत. सभा आपल्या सोयीच्या वेळी ठेवायची आणि मग पालक उदासीन आहेत म्हणायचं, हे बरोबर नाही.

परिषदेतून काय काय निघालं

१८९६ मध्ये कार्व्हर आला तेव्हा त्याला विद्यार्थी तर मिळालेच, पण बोलण्याची सवय झालेले शेतकरीही मिळाले. पुढच्या वर्षी राज्यानं टस्कीगीला कृषी संशोधन केंद्र दिलं, वर्षाला १५०० डॉलरचं. कार्व्हरनं शेतकऱ्यांच्या महिन्याच्या बैठका सुरू केल्या. त्यानं काढलेल्या पत्रिका चाळीसहून अधिक आहेत, सगळ्या साध्या भाषेत. त्यांतली १९१६ ची भुईमुगाची सगळ्यात गाजली. तिच्यात लागवडीबरोबर खाण्याच्या १०५ कृती आहेत. (जाता जाता : पीनट बटरचा शोध कार्व्हरनं लावला, हे भाषणांत वारंवार ऐकू येतं. ते खरं नाही. स्पर्धेच्या भाषणातून तेवढं काढून टाका.)

तरीही एक अडचण उरली. परिषदेला येणारा आधीच थोडा जागा झालेला असतो. ज्याच्याकडे खेचर नाही, ज्याला मालक सुटी देत नाही, तो येणार कसा? म्हणून १९०६ मध्ये शाळाच गाडीवर चढली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून एक घोडागाडी तयार झाली. तिच्यात सुधारित नांगर, दूध-लोण्याची उपकरणं, बियाणं, तक्ते. ती ‘जेसप वॅगन’ थेट शेताच्या बांधावर जायची. टस्कीगीचेच विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल ती चालवायचे. त्याच वर्षी केंद्राच्या कृषी खात्यानं त्यांना नेमलं आणि ते त्या खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार कर्मचारी ठरले. १९१४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून विद्यापीठांतलं शेतीज्ञान गावागावांत नेण्याची व्यवस्था देशभर उभी केली. आपल्याकडची कृषी विद्यापीठं, १९६० चं पंतनगर असो की १९६८ चं राहुरी, अमेरिकी विद्यापीठांच्याच धर्तीवर निघाली. ‘शेतकरी मेळावा’ आणि ‘शिवार फेरी’ हे आपले शब्द त्याच कामाचे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी. १९१२-१३ पासून व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या मदतीनं टस्कीगीच्या आसपास खेड्यांत शाळांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. अट अशी की गावानंही आपला वाटा उचलायचा, पैशांनी, जमिनीनं किंवा श्रमांनी. १९३२ पर्यंत दक्षिणेत जवळपास ५००० शाळा झाल्या. हे थेट परिषदेमुळे घडलं असं म्हणता येणार नाही. पण शाळेचे महिने वाढवण्यासाठी वर्गणी काढा, हा ठराव वीस वर्षं ऐकणाऱ्या भागात ही योजना रुजली, हे खरं.

जे परिषदेत विचारलं गेलं नाही

आता दुसरी बाजू. टस्कीगीच्याच नोंदीनुसार, पहिली परिषद झाली त्या १८९२ सालात १६१ कृष्णवर्णीयांना जमावांनी ठार मारलं. १९०१ मध्ये अलाबामानं नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क जवळपास संपवला. परिषदेत हे विषय घेतले जात नसत. आपल्या हातात आहे तेवढंच बोलायचं, हा वॉशिंग्टन यांचा नियम. कदाचित त्यामुळेच परिषद टिकली, गोऱ्या राज्यकर्त्यांनी ती चालू दिली. पण दोन भावांची दुकानदारी आणि मत नसलेला माणूस, हा प्रश्न घरात दुसरी खोली बांधून सुटणारा नव्हता.

हे सगळ्यात ठामपणे सांगितलं डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी, १९०३ च्या पुस्तकात. तेही विद्यापीठीय परिषदाच चालवत होते. अटलांटा विद्यापीठात १८९६ पासून दरवर्षी कृष्णवर्णीयांच्या जीवनातला एक विषय घेऊन अभ्यास होई आणि त्यावर परिषद भरे. पहिला विषय होता शहरांतलं मृत्यूचं प्रमाण. डु बॉइस १८९७ मध्ये तिथे आले आणि ते काम त्यांनी पुढे नेलं. टस्कीगीत शेतकरी बोलायचा, अटलांटात आकडे. वाचकहो, यातलं कुठलं बरोबर, असा वादविवाद शाळेत नक्की ठेवा. पण मुलांना एकाच बाजूनं निकाल द्यायला लावू नका. माणसाला विचारल्याशिवाय आकडा कोरडा राहतो आणि आकड्याशिवाय त्याचं दुःख कायद्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि सगळ्यात अवघड भाग. चाळीस वर्षं संस्थेनं मेकन काउंटीतल्या घराघरांत विश्वास कमावला होता. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यानं त्याच काउंटीत एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले, त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश म्हणजे सिफिलिस होता. त्यांना आजार नीट सांगितला नाही. रक्त बिघडलंय, आम्ही उपचार करतोय, एवढंच सांगितलं. पेनिसिलिन हे खात्रीचं औषध मिळू लागल्यावरही ते दिलं नाही. उपचाराविना रोग कसा वाढतो ते पाहत राहिले. टस्कीगी संस्थेचं रुग्णालय यात सहभागी होतं. बातमी बाहेर आली आणि १९७२ मध्ये हे थांबलं. १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर माफी मागितली. योजना संस्थेची नव्हती, सरकारी खात्याची होती. पण ती माणसं निर्धास्तपणे आली, त्यामागे संस्थेचं नावही होतं. कार्व्हरची गोष्ट लहानांना सांगताना हा भाग सांगायची गरज नाही; नववी-दहावीला मात्र तो वगळू नये.

टस्कीगी विद्यापीठात शेतकरी परिषद आजही भरते.

आपल्या शाळेत

पुढच्या पालकसभेत एक करून बघा. मुख्याध्यापकांचं मनोगत शेवटी ठेवा आणि सुरुवात तीन-चार प्रश्नांनी करा, ज्यांची उत्तरं फक्त पालकांकडे आहेत : मूल संध्याकाळी अभ्यासाला कुठे बसतं? ऊसतोडीला किंवा कामासाठी घर किती महिने बाहेर असतं? शाळेसाठी यंदा उसने पैसे घ्यावे लागले का, आणि परत किती द्यावे लागले? दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी बसून बघावं की आपल्या गृहपाठाचा या उत्तरांशी काही मेळ लागतो का. पुढच्या वर्षी प्रश्न तेच ठेवा. मोठ्या वर्गातल्या मुलांना नोंदी घ्यायला बसवलं तर गणित आणि भाषा दोन्ही होतील. फक्त वहीत कुणाचं नाव लिहू देऊ नका, आणि जे आकडे निघतील ते वरिष्ठांना पाठवण्याआधी त्याच पालकांना वाचून दाखवा.